पोस्टर करून घर चालतं का?

१. प्रश्न वाजवी आहे

"पोरगं काय करून राहिलं सध्या?" नागपुरात कुठल्याही लग्नघरी हा प्रश्न येतोच. "डिझायनिंग करून राहिलं, पोस्टर बनवते," असं उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मंग त्याच्यात पैसा आहे का?"

विचारणाऱ्याचं चुकत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर चौकातलं फ्लेक्सचं दुकान असतं. तिथे भाव चौरस फुटावर चालतो आणि काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 'डिझाइन फुकट'. जी गोष्ट फुकट मिळते तिच्यावर संसार कसा उभा राहणार, हा हिशेब कोणीही करेल.

घोळ असा की 'पोस्टर बनवतो' म्हणणारी माणसं एका जातीची नसतात. दुकानातला ऑपरेटर पार्टीने आणलेलं मॅटर आणि फोटो तयार साच्यात बसवतो. त्याची कमाई वेगात आहे. चित्रकार किंवा अक्षरं काढणारा पोस्टरमधला एक भाग तयार करतो. पोस्टर-डिझायनर या दोघांहून वेगळा. पाहणाऱ्याला आधी काय दिसेल, नंतर काय दिसेल आणि काय अजिबात दिसणार नाही, हे तो ठरवतो. विकतो तो हा निर्णयच. दुकानात छपाईबरोबर फुकट मिळते ती मांडणी, निर्णय नव्हे. हा फरक नीट कळण्यासाठी आधी पोस्टर वाचलं कसं जातं ते पाहू.

२. स्कूटरवरचा वाचक

पुस्तकाचा वाचक बसलेला असतो, पोस्टरचा वाचक चाललेला. फलक रंगवणाऱ्यांचा एक ढोबळ ठोकताळा आहे: अक्षराची उंची एक इंच असेल, तर ते साधारण दहा फुटांवरून सहज वाचता येतं. त्याहून लांबूनही वाचता येईल, पण डोळे ताणावे लागतील, आणि पोस्टरसाठी डोळे ताणायला कोणी बांधील नसतो.

आता वर्धा रोडवरचा एक फलक घ्या. अक्षरं एक फूट उंच, म्हणजे बारा इंच. ती १२० फुटांवरून आरामात वाचता येतील. ताशी ४० किलोमीटरने येणारी स्कूटर एका सेकंदात सुमारे ३६ फूट कापते. १२० फुटांना लागला तीन सेकंदांहून थोडा जास्त वेळ. तेवढ्यात समोरचा ऑटो, सिग्नल आणि मागचा हॉर्न सांभाळत माणूस सहा-सात शब्द वाचेल, जास्तीत जास्त आठ. फलकावर साठ शब्द असतील तर बावन्न वाया गेले. छपाईचे पैसे मात्र साठही शब्दांचे पडले.

देवनागरीत एक मेख आहे. उंची मोजायची ती शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत. वरच्या वेलांट्या, रफार, खालचे उकार यांना वेगळी जागा लागते. इंग्रजीच्या मापाने दोन ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन भिडतो. असे फलक गावात शेकड्याने सापडतील.

३. एका चिठ्ठीचं पोस्टर

निर्णय म्हणजे नेमकं काय, ते एका कामावरून पाहू. उदाहरण कल्पनेतलं, मामला मात्र खरा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत दिवाळीनंतर धानाची कापणी झाली की झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम लागतो. गावात मंडई म्हणजे जत्रा किंवा बैलांच्या शर्यतीचा शंकरपट भरतो आणि रात्री नाटक उभं राहतं. ते सुरू होतं रात्री उशिरा, संपतं पहाटे. मंडळ्यांचं मोठं केंद्र म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज, ज्याला सगळे वडसाच म्हणतात. इथले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा मुंबई-पुण्याच्या अनेक नाट्यरसिकांना या रंगभूमीचं नाव पहिल्यांदा कळलं.

तर एका गावचं मंडळ चिठ्ठी घेऊन आलं. चिठ्ठीत काय आहे? देवाचं नाव. मंडळाचं नाव. नाटकाचं नाव. लेखक, दिग्दर्शक, संगीत. बारा कलावंत. गाव, पटांगण, तारीख, वार, वेळ. तिकिटाचे तीन दर. दोन फोन नंबर. उद्घाटक, अध्यक्ष आणि प्रमुख अतिथी मिळून नऊ माणसं, आणि त्यांपैकी सात जणांचे फोटो "घ्याच बरं भाऊ, नाहीतर नाराज होतात."

कागद आहे २० बाय ३० इंचांचा, छपाईतला नेहमीचा आकार. ऑपरेटर हे सगळं भरून देईल, आणि ते भरलेलंच दिसेल. डिझायनर मात्र आधी विचारतो: हे लागणार कुठं? उत्तर येतं, पानठेल्यावर, एसटीच्या थांब्यावर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर. म्हणजे रस्ता ओलांडून, तीसेक फुटांवरून नाटकाचं नाव दिसायला हवं. ठोकताळ्याप्रमाणे अक्षर तीन इंच. कागदाच्या दोन्ही बाजूंना एकेक इंच सोडला तर रुंदीला उरले अठरा इंच. मराठीचं ठळक अक्षर उंचीइतकंच किंवा थोडं कमी रुंद असतं, तेव्हा एका ओळीत सहा-सात अक्षरं मावतील. नाव मोठं असेल तर दोन ओळी. त्याखाली एक चेहरा. बारा नाही, एकच, ज्याला पाहायला लोक चार कोस चालत येतात त्याचा.

हा झाला पहिला टप्पा. दुसरा दहा फुटांवरचा: वार, तारीख, वेळ, गाव. इथे वार तारखेहून मोठा ठेवावा. गावात "शनिवारी आहे" असं सांगितलं जातं, "एकोणीस तारखेला आहे" असं क्वचितच. रात्री बारानंतर तारीख बदलते, त्यामुळे 'शनिवारची रात्र' असंच लिहिलेलं बरं. तिसरा टप्पा हातभर अंतराचा: दर, फोन, कलावंत. ते वाचणाऱ्याने यायचं जवळपास ठरवलेलं असतं, म्हणून इथे बारीक अक्षर चालतं.

राहिले ते सात फोटो. खरं कौशल्य इथं लागतं, आणि ते चित्रकलेत शिकवत नाहीत. पाहुण्यांचं वेगळं निमंत्रण-कार्ड काढा, त्यात सगळे फोटो मोठे घ्या, पोस्टरवर फक्त नावांची एक ओळ ठेवा, असं मंडळाला पटवावं लागतं. पटलं तर पोस्टर वाचलं. नाही पटलं तर सातही फोटो एकाच पट्टीत, एकाच मापाचे, तळाशी. कोणाचाही फोटो दुसऱ्यापेक्षा अर्धा इंचही मोठा नको, नाहीतर नाटकाआधीच नाटक.

४. कोल्हापूरचे पेंटर, मुंबईचे दिवाकर

पोस्टरची ही कला आपल्याकडे आली चित्रपटाचं बोट धरून. एकोणिसाव्या शतकात दगडी छाप म्हणजे लिथोग्राफी रंगीत झाली आणि पॅरिसच्या भिंती पोस्टरांनी भरल्या. आपल्याकडे राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढून देवादिकांची चित्रं घरोघरी पोचवली. छापील रंगीत चित्राची सवय लोकांना अशी लागली.

कोल्हापूरचे बाबुराव मेस्त्री आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. त्यावरूनच बाबुरावांना 'पेंटर' हे नाव चिकटलं. पुढे त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. दिग्दर्शक तेच, नेपथ्याची नजर त्यांची आणि पोस्टरंही तेच रंगवत. १९२४च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर आज हाती असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत मोजलं जातं. नाटकाचा पडदा रंगवणाऱ्याला शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाचा विचार करावाच लागतो. पोस्टरसाठी याहून चांगली तालीम कोणती असणार?

त्याच कोल्हापूरच्या मातीतले जी. कांबळे. 'मुघल-ए-आझम' १९६० साली मुंबईच्या मराठा मंदिरात लागला, तेव्हाची त्याची चित्रं त्यांच्या हातची. मकबूल फिदा हुसेन यांनीही उमेदवारीच्या काळात मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरलं होतं. म्हणजे आपल्या प्रश्नाचं एक जुनं उत्तर इथेच आहे.

माझ्या मते मात्र धंदा म्हणून पोस्टर कसं करावं, हे शिकायचं ते दिवाकर करकरे यांच्याकडून. 'दीवार' (१९७५) त्यांचं, 'सत्यम् शिवम् सुंदरम्' (१९७८) त्यांचं. चेहरा सगळा हाताने रंगवण्याऐवजी ते छायाचित्रावर रंग चढवत, आणि तोही ब्रशने गुळगुळीत नव्हे, तर पॅलेट-नाइफने, जाड, खरखरीत फटकाऱ्यांत. सत्तरच्या दशकातला तो रागावलेला नायक लोकांना थेटरात शिरण्याआधी भिंतीवर भेटला, आणि तो राग रंगाच्या पोतात होता. छायाचित्रामुळे चेहरा नटाचाच राहिला, रंगामुळे तो पात्राचा झाला. काम लवकर उरकलं आणि हातही ओळखू येऊ लागला. धंद्यात या दोन्ही गोष्टी क्वचितच एकत्र मिळतात. त्यांचं 'दीवार'चं पोस्टर आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

नागपूरला ही पोस्टरं यायची ती वितरकामार्फत. सिनेमाच्या धंद्यात आजही विदर्भाच्या पट्ट्याला 'सी. पी. बेरार' म्हणतात. ज्या प्रांताची राजधानी नागपूर होती तो प्रांत केव्हाच गेला, धंद्याच्या वहीत मात्र टिकून आहे. मुंबईत छापलेल्या पोस्टरवर थेटराचं नाव नसायचं. ते स्थानिक छापखान्यात लांब पट्टीवर छापून खाली डकवलं जाई: थेटर, आणि 'रोज ३, ६, ९'. मैद्याची खळ, तिला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, आणि पहाटे शिडी, बादली नि कुंचा घेऊन निघालेला माणूस. त्या थेटरांपैकी व्हरायटीचं नाव आज सीताबर्डीच्या चौकाला उरलं आहे.

५. अक्षर कोणाचं?

मराठी नाटकाच्या जाहिरातींना चित्राची चैन परवडत नव्हती. वर्तमानपत्रात दोन बोटं जागा, तीही काळ्या-पांढऱ्यात. तिथे अक्षरालाच चित्राचं काम करावं लागलं. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी ते आयुष्यभर केलं. 'मत्स्यगंधा', 'रायगडाला जेव्हा जाग येते' यांची शीर्षकं आठवून पाहा. नाव वाचण्याआधी नाटकाची जात कळते, पौराणिक की ऐतिहासिक, हसवणारं की रडवणारं.

आजच्या डिझायनरपुढची अडचण निराळी आहे. मॅटर व्हॉट्सअ‍ॅपवर येतं युनिकोडमध्ये, दुकानातला कोरल ड्रॉ चालतो जुन्या फॉन्टवर, आणि या दोघांच्या मध्ये जोडाक्षरांची मोडतोड होते. दुसरा त्रास हिंदी वळणाच्या 'ल' आणि 'श' यांचा. मराठी डोळ्याला ते लगेच खुपतात, पण फुकट मिळालेल्या फॉन्टमध्ये बहुधा तेच असतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने 'मुक्ता' आणि 'बलू' हे फॉन्ट सर्वांना मोफत खुले केल्यापासून परिस्थिती बरी आहे. बलूचं जाड, गुबगुबीत वळण शाळेच्या स्नेहसंमेलनाला शोभतं. श्रद्धांजलीच्या फलकावरही तेच पाहावं लागतं, हा फॉन्टचा दोष नव्हे.

६. निळा जांभळा का होतो?

नागपुरात शिकणाऱ्या डिझायनरला हा प्रश्न पहिल्याच वर्षी भेटतो, आणि तो बहुधा धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे धम्मदीक्षा घेतली. दरवर्षी त्या सोहळ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि शहर निळं होतं. पडद्यावर झकास दिसणारा निळा छापून आला की जांभळा निघतो. पार्टी म्हणते, "हा आमचा निळा नाही." आणि ती बरोबर असते.

कारण सोपं आहे. पडदा स्वतः उजेड फेकतो. तिथले रंग लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाच्या मिश्रणातून होतात. कागद उजेड फेकत नाही. त्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग शाई गिळते आणि उरलेला आपल्या डोळ्यांकडे येतो. छपाईच्या शाया चार: सायन म्हणजे आकाशी, मॅजेंटा म्हणजे राणी रंगाच्या जवळचा, पिवळा आणि काळा. यांत निळी शाई नाहीच. निळा करायचा तर आकाशीत राणी मिसळायची. दोन्ही सारख्या प्रमाणात पडल्या की राणी जिंकते आणि जांभळा दिसतो. संगणकाने आपोआप रंग बदलून दिले की नेमकं हेच होतं.

छापखान्यातला उपाय असा: निळ्यात दोन्ही शायांमध्ये निदान तीस टक्क्यांचं अंतर ठेवा. सायन शंभर असेल तर मॅजेंटा सत्तरच्या वर नेऊ नका. मग एक वीतभर तुकडा त्याच मशीनवर, त्याच कागदावर छापून उन्हात धरून बघा. पडद्यावर पाहून रंगाला होकार देऊ नये, कोणी कितीही घाईत असलं तरी.

७. मोठ्या फ्लेक्सला मोठी फाइल लागते का?

ठिपक्यांची रांगोळी जवळ बसून पाहिली तर ठिपके दिसतात, गच्चीवरून पाहिली तर मोर दिसतो. छपाईचंही तसंच असतं. हातात धरून पाहायच्या पोस्टरला इंचाला ३०० ठिपके लागतात. २० बाय ३० इंचांचं पोस्टर म्हणजे ६,००० गुणिले ९,०००, एकूण ५ कोटी ४० लाख ठिपके. दहा फूट बाय आठ फुटांचा फ्लेक्स लांबून पाहायचा असतो, त्याला इंचाला ७२ ठिपके पुरतात. १२० इंच बाय ९६ इंच, म्हणजे ८,६४० गुणिले ६,९१२. हे झाले सुमारे ५ कोटी ९७ लाख. क्षेत्रफळ जवळजवळ एकोणीस पट, फाइल मात्र जवळपास तेवढीच. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो मात्र दोन्हीकडे चालत नाही. वाटेत त्याचे ठिपके गळालेले असतात.

८. शिकायचं कुठं

शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या असाव्यात. दहावीच्या गुणांपेक्षाही हात बसण्यासाठी त्यांचा उपयोग मोठा. बारावीनंतर राज्याची सीईटी देऊन उपयोजित कलेच्या चार वर्षांच्या पदवीला प्रवेश मिळतो. नागपुरात त्यासाठी शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, मुंबईत सर ज. जी. कला संस्था. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था (१९६१) आणि पवईच्या आयआयटीतलं डिझाइन केंद्र (१९६९) यांच्या परीक्षा वेगळ्या आणि स्पर्धा तीव्र.

पदवीनंतर पहिली दोन वर्षं एखाद्या छापखान्यात किंवा वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागात काढावीत, असं मी आग्रहाने सांगेन. एजन्सीत संकल्पना शिकायला मिळते, पण कागद, शाई, कटिंग आणि रात्री साडेदहाला आलेली दुरुस्ती शिकायला मिळते ती छापखान्यातच.

आता तर वाक्य लिहिलं की चित्र काढून देणारी यंत्रंही आली आहेत. साच्यात मॅटर बसवणाऱ्याचं काम ती खाणार, यात शंका नाही. तिसऱ्या भागातल्या सात फोटोंची वाटाघाट मात्र त्यांच्याकडून होईल असं वाटत नाही. आणि यंत्राने काढलेल्या पोस्टरवर तारीख चुकली तर फोन डिझायनरलाच येणार.

९. भाव, कागदपत्र आणि वसुली

आता पैसा. फक्त पोस्टरवर जगणारे थोडे. बहुतेकांचं वर्ष हंगामांनी बांधलेलं असतं: गणपती, दसरा, झाडीपट्टी, लग्नसराई, शाळांची स्नेहसंमेलनं, मध्ये कधी निवडणूक. अधल्यामधल्या महिन्यांत पुस्तकांची मुखपृष्ठं, दुकानांची बोधचिन्हं, मोबाइलवर फिरणाऱ्या चौकोनी जाहिराती. सिनेमाची मोठी कामं मुंबईतच होतात, पण फाइल पाठवायला रेल्वेचं तिकीट लागत नाही, त्यामुळे नागपुरात बसूनही ती मिळवता येतात.

भाव चौरस फुटावर कधीच सांगू नये. तो छपाईचा भाव आहे. डिझाइनचा भाव कामावर ठरवावा आणि त्यात चार गोष्टी लिहून द्याव्यात: किती नमुने, किती दुरुस्त्या, मूळ फाइल मिळणार की नाही, आणि पोस्टर कुठे कुठे वापरणार. नोकरीत केलेल्या कामाचा हक्क सहसा मालकाचा असतो. स्वतंत्र कामात तो कोणाचा, हे लिहिलेलं नसेल तर भांडण ठरलेलं. कलाकृतीवरचा हक्क आपल्याकडे निर्मात्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, तेव्हा ही ओळ लिहायला आळस करू नये.

राजकीय कामात दोन कायदे माहीत हवेत. निवडणुकीच्या पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं-पत्ते छापलेच पाहिजेत, असं लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-क सांगतं. ती ओळ जागेअभावी उडवणारा डिझायनर आपल्या मुद्रकालाही अडचणीत आणतो. आणि विनापरवाना फलक लावणं हा १९९५च्या मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. लावणारा दुसरा असला तरी परवान्याचा क्रमांक आधी मागून घ्यावा आणि तो फलकावर टाकावा.

डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं, तेव्हा विमानतळापासून विधान भवनापर्यंत स्वागताचे फलक लागतात. काम भरपूर असतं, घाईचं असतं आणि मॅटर शेवटच्या रात्रीपर्यंत बदलत असतं, कारण कोणाचा फोटो कोणाच्या शेजारी हे ठरत नसतं. अशा कामाचे निम्मे पैसे फाइल उघडण्याआधी घ्यावेत आणि उरलेले अधिवेशन चालू असतानाच. समारोपाच्या दुसऱ्या दिवशी अर्धी गिऱ्हाइकं मुंबईला परतलेली असतात आणि फोन लागत नाहीत.